डिझेलच्या इंजिनाचा रंग

रंगीत फोटो तेव्हा निघत नसे, तो रंगवावा लागे. आणि अकोल्यात आमच्या स्टुडिओतला फोटो मी रंगवत असे. हे सांगताना आजही मला थोडी ऐट येते, तर येऊ द्यावी. स्टेशनकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर आमचा स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे डार्करूम आणि तिच्याही मागे आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. आमचे हे फोटो काढत, धूत, छापत. मग तो छापलेला फोटो औषधात बुडवून तपकिरी करायचा, वाळवायचा, की तो माझ्याकडे येई. खिडकीशी पाट टाकून मी बसे, काडीला कापूस गुंडाळे, ट्यूबमधला रंग काचेवर टिपूसभर काढे आणि लोकांच्या गालांवर लाली चढवे.

माझं माहेर अमरावतीचं. वडील शाळामास्तर. त्यांनी मला ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षांना बसवलं होतं. हे मला पाहायला आले तेव्हा त्यांनी भिंतीवरचं माझं चित्र जास्त वेळ पाहिलं आणि मला कमी, असं आई पुढे कायम चिडवायची. मी आल्यावर नागपूरला रंगवायला जाणारे फोटो घरातच रंगू लागले. म्हणजे आई म्हणे त्यात तथ्य होतं.

आता तपकिरी फोटोवरून साडीचा रंग कसा ओळखायचा? त्यासाठी ह्यांनी एक पद्धत पाडली होती. फोटो काढून झाला की बाईच्या पदराच्या शेवातला एक दोरा मागून घ्यायचा आणि निगेटिव्हच्या पाकिटाला टाचून ठेवायचा. पुरुषाच्या फेट्याचा, पोराच्या झबल्याचासुद्धा. मी तो दोरा पाण्याच्या थेंबाने फोटोच्या कडेला चिकटवून ठेवी आणि त्याच्याशी रंग जुळवत बसे. बायका दोरा द्यायला कुरकुरत. पदर उसवतो म्हणत. एक बाई साध्या सुती लुगड्यात बसून फोटो काढून गेली आणि दोरा पाठवला शालूचा. मी ह्यांना म्हटलं, आता काय करू? हे म्हणाले, "देऊन टाक शालू. आपल्या घरचं काय जाते?" मी तिला जरीच्या बुट्ट्यासुद्धा काढून दिल्या. तो फोटो तिच्या बैठकीत अजून असेल.

हे माणसांचे फोटो काढत ते पोटासाठी. जिवासाठी काढत ते इंजिनांचे. रविवारी दुपारी स्टुडिओला कुलूप लावून, सायकलच्या दांडीला लहान कॅमेरा अडकवून ते गावाबाहेर रुळांच्या कडेला जात. लग्नानंतर मीही सायकलवर मागे बसून जाऊ लागले. सासूबाई तेल्हाऱ्याकडे शेतावर राहायच्या, त्यामुळे कुठे गेलीस म्हणून विचारणारं घरात कोणी नव्हतं. रुळाला लागून कपाशीची वावरं होती, मध्ये तुरीच्या ओळी, आणि एका बांधावर बाभूळ. तिच्या विरळ सावलीत आम्ही बसायचो. गाडी कधी येईल ते नक्की नसायचं, आणि मला तर ती न आली तरी चालायचं.

त्या दुपारी मी अजून विसरलेले नाही. डोळे मिटावेत तर पापणीच्या आत ऊन असायचं. कपाशी फुटलेली असली तर वावर पांढरं होऊन त्याच्यावर हवा हलत राहायची. मी पदर डोळ्यांवर घेऊन पडायची. झोप लागायची नाही आणि जागही नसायची. कुठून तरी मोटेचा आवाज यायचा, मग तोही थांबायचा. मग हे हलक्या आवाजात म्हणायचे, "आली." मला काही ऐकू आलेलं नसायचं. रूळ आधी बोलायचे, मग जमीन, आणि मग दूर काळं काहीतरी धूर सोडत वाढत यायचं. गाडी निघून गेल्यावर किती तरी वेळ धुराचा वास तुरीवर थांबायचा. हे कॅमेरा मिटत आणि एखादं गोड खाल्ल्यासारखं तोंड करून बसत.

एकदा मी विचारलं, "येवढं वेड हाये तं रेल्वेत काहून नाई गेले तुमी?"

"गेल्तो," हे म्हणाले. "मेडिकलले छाती भरली नाई."

अंगानं हे काटकुळेच होते. माझा विश्वास बसला.

मग मुलगी झाली आणि माझं रविवारचं जाणं बंद पडलं. नेमकी त्याच सुमाराला आमच्या लाइनीवर डिझेलची इंजिनं यायला लागली. मला ती दिसली ती फोटोतच, आणि फोटोत ती राखाडी. स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं, पण काही काम नसताना फलाटावर जाऊन उभी राहणारी बाई तेव्हा अकोल्यात नव्हती. घरात बसून त्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. वाफेचं इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकत यायचं. हे नवं इंजिन एका सुरात घुमत यायचं, आणि आपण कुठे आहोत ते क्षणभर कळायचंच नाही. पाळण्याची दोरी हातात, समोर कुणाच्या तरी लग्नाचा अर्धा रंगलेला फोटो, आणि खिडकीच्या गजात तो घुमारा. मला वाटायचं, असा आवाज करणाऱ्या वस्तूला रंग कोणता असेल? मी आपली मनातल्या मनात कधी तिला जांभळी करी, कधी मोरपंखी.

आज म्हणे हौशी लोक त्या जुन्या रंगांतली डिझेल इंजिनं शोधत हिंडतात, फोटो काढतात, कोणत्या साली कोणता पट्टा होता यावर वाद घालतात. तेव्हा ते रंग जुने नव्हते. रंग अजून ओला असल्यासारखी चकाकत ती इंजिनं यायची, आणि एकाचा रंग दुसऱ्याशी मिळायचा नाही. पण हे मला कळलं ते पुढे.

आमच्या गल्लीत एक इंजिन ड्रायव्हर राहायचे. नोकरी भुसावळची, घर अकोल्याचं. सुट्टीत आले की ह्यांच्याशी त्यांच्या तासन्‌तास गप्पा. जन्म वाफेच्या इंजिनावर कोळसा खाण्यात गेला, आणि आता निवृत्तीला आले तेव्हा त्यांना डिझेल शिकायला पाठवलं होतं. म्हातारा पोरासारखा खूश होता. एक दिवस दुकानात येऊन मला म्हणाले, "वयनी, येवढं काम करून द्या. मी आता रिटायर होऊन राहिलो. खंडेनवमीले सारे आपापली हत्यारं पुजतेत. मी काय पुजू? इंजिन काही घरी आनता येत नाई. त्याचा फोटो पायजे मले. मोठा. अन्‌ रंगीत."

खंडेनवमीला आमच्याकडे कॅमेऱ्याला हार पडायचा, शेतकरी नांगराला हळदकुंकू वाहायचा, तसं ह्या माणसाला आपलं इंजिन पुजायचं होतं. मला त्यांचं म्हणणं फार आवडलं. पूजेला रेल्वेतले त्यांचे सगळे सोबती येणार होते. फोटो भिंतीवर नाही, पाटावर मांडायचा होता.

ठरल्याप्रमाणे एका सकाळी त्यांची मालगाडी मागच्या मेलला वाट देण्यासाठी अकोल्याला बाजूच्या रुळावर थांबली. हे स्टुडिओतला मोठा लाकडी कॅमेरा स्टँडसकट खांद्यावर घेऊन गेले. ड्रायव्हर इंजिनाच्या दारात दांडा धरून उभे राहिले. फोटो असा आला की माझ्या अंगावर काटा आला. इंजिनाची लांब कूस, तिच्यावरून गेलेला पट्टा, पट्ट्याखाली नंबर, शिडीचा एक वाकलेला दांडा, आणि वर तो म्हातारा, सुनेनं पहिल्यांदा नातू हातात द्यावा तसा चेहरा करून.

"रंग?" मी विचारलं. ड्रायव्हर तर गाडी घेऊन गेले होते, ते थेट नवरात्र संपताना परत येणार.

"पट्टा पिवया. बाकी हिरवा," हे म्हणाले. "गर्द. चिचेच्या पाल्यावानी."

"दोरा कुठी हाये मंग?"

"इंजिनाले पदर असता तं आनला असता," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

तो हिरवा मी ज्या मायेनं लावला त्या मायेनं मी कुठल्या नवरीचा शालू रंगवला नाही. दुपारी मुलगी निजली की बसायची. आधी पातळ हात, मग गडद. सावलीच्या बाजूला निळ्याचा अंश घातला. हे दुकानातून मध्येच आत येत, माझ्यामागे उभे राहत, आणि काही न बोलता परत जात. एकदा म्हणाले, "लय जमला." ह्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पोवाडा. खिडकीत चिंच होती. मी तिचा पाला पाहून पाहून रंग लावत होते आणि माझ्या मनात ते इंजिन एका हिरव्या रानातून न संपणाऱ्या वाटेनं चाललेलं होतं.

फोटो पूर्ण झाला आणि नवरात्रात मी देवीची ओटी भरायला मुलीला घेऊन अमरावतीला निघाले. हेही तेल्हाऱ्याला जाणार होते, सासूबाईंना दसऱ्यासाठी आणायला. अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला उतरून गाडी बदलावी लागते. मी उतरले, मुलीला कडेवर घेतलं, ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली. सकाळचं कोवळं ऊन होतं. दोन फलाट सोडून पलीकडे मालगाडी उभी होती आणि तिला डिझेलचं इंजिन होतं.

लाल.

टमाट्याचा लाल नव्हे. जुन्या चांगल्या लुगड्याचा असतो तो, मुरलेला, आमसुलाकडे झुकलेला लाल. त्यावरून पिवळा पट्टा. पहिल्यांदा मला वाटलं, हे निराळं इंजिन. मग मी नंबर वाचला. मीच तो बारीक काडीने पांढरा केला होता, तो मला झोपेतही म्हणता आला असता. मग शिडीचा वाकलेला दांडा दिसला. उन्हात ते इंजिन एवढं सुंदर दिसत होतं की मी पाहतच राहिले. हमाल ओरडला, "बाई, अमरावतीची सुटून राहिली ना." कशीबशी चढले.

बडनेरा ते अमरावती अंतर ते किती! पण त्या एवढ्याशा प्रवासात माझ्या संसाराची सगळी वर्षं माझ्यासमोरून गेली. बाजारातून हे टमाटे आणत ते नेहमी निम्मे हिरवे. मी कुरकुर केली की म्हणत, पिकतील. पिकलेल्या मिरच्या वेगळ्या काढायला सांगितल्या की काहीतरी काम आठवून उठत. डार्करूममधला लाल दिवा ह्यांना कायम मिणमिणता वाटायचा; मी आत गेले तर मला चांगलं दिसायचं. माझ्या साडीला हे कधी "ती लाल" किंवा "ती हिरवी" म्हणाले नाहीत. "काठाची" म्हणत, "तुझ्या मावशीनं देल्ली ते" म्हणत. आणि दोरा! तो दोरा ह्यांनी रंगवणाऱ्यांच्या सोयीसाठी घ्यायला सुरुवात केली, असं मी समजत होते. तो ह्यांनी स्वतःसाठी घेतला होता. एकदा दोरा पाकिटाला टाचला की फोटोग्राफरला कोणी रंग विचारत नाही. आणि छाती? छाती भरली नव्हती कसली! डोळे भरले नव्हते.

मला आधी राग आला, आणि तो चांगलाच आला. मी ह्या माणसाच्या पोटात शिरून बसलेली, ह्याला खोकला आला तर मला आधी कळतो, आणि एवढी गोष्ट ह्यानं माझ्यापासून लपवावी? मीही मास्तराची मुलगी, रंगांची परीक्षा पास झालेली, आणि मला हे दिसलं नाही? दोघांवरही राग. देवीच्या रांगेत उभी होते तेव्हा समोरच्या बायकांची लाल-हिरवी लुगडी पाहून माझ्या मनात आलं, ह्यांना ही रांग कशी दिसत असेल? तिथे मात्र राग गेला, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आई म्हणाली, "काय झालं वं?" मी म्हटलं, "उदबत्तीचा धूर."

मग एकदम भीती वाटली. खंडेनवमीला ड्रायव्हर येणार. हिरवं इंजिन पाहणार. मोकळ्या मनाचा माणूस, मोठ्यानं हसणार. पूजेला जमलेले सगळे रेल्वेवाले तो फोटो पाहणार, आणि संध्याकाळपर्यंत स्टेशनवर सगळ्यांना कळणार की फोटोग्राफरला लाल नि हिरवं कळत नाही. धंद्याचं मी पाहून घेतलं असतं. पण ज्या रेल्वेनं ह्यांना दारातून परत पाठवलं, तिच्याच माणसांनी ह्यांना पुन्हा हसावं, हे मला सोसलं नसतं.

आई थांब थांब म्हणत असताना मी दुसऱ्या दिवशी परत फिरले. घरी कुलूप होतं; हे तेल्हाऱ्याहून यायचे होते. मुलीला शेजारणीकडे दिलं, टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि तो हिरवा पुसायला लागले. रंग बराच धरला होता. चिंचेचा सगळा पाला बोळ्यावर येत गेला, घरभर टर्पेंटाइनचा वास, आणि कागदाच्या दाण्यांत थोडा हिरवा राहिलाच. मी रडकुंडीला आले. मग त्यावर लाल चढवला तर तो खालच्या हिरव्यानं दबला, काळवंडला, आणि बडनेऱ्याला पाहिलेला तो मुरलेला लाल आपोआप समोर आला. मला असा रंग मुद्दाम करता आला नसता. मी हात धुतले आणि किती वेळ तशीच भिंतीला टेकून बसून राहिले.

हे आले ते नवमीच्या आदल्या दिवशी, सासूबाईंना घेऊन. आल्याबरोबर फोटोकडे गेले. हे खाली वाकून पाहू लागले, मग दिव्याकडे नेऊन पाहू लागले.

"हिरवा आता मुरला बरा," हे म्हणाले.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पोळ्या लाटायला बसले आणि एकही पोळी गोल झाली नाही. सासूबाईंनी नुसतं पाहिलं.

सकाळी दुकानात कॅमेऱ्याची पूजा मांडली होती. हे कॅमेऱ्याला झेंडूचा हार घालत होते तेवढ्यात ड्रायव्हर आले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. मी फोटोवरचं फडकं काढलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. मग माझ्याकडे वळले.

"वयनी, हा लाल तुमी कसा काय साधला? अस्सल तोच हाये. मी तं तुमाले रंग सांगाचाच इसरलो होतो. वाटभर जीवाले घोर, का आता वयनीनं कोनता लावला असंल."

ह्यांचे हात हारावर होते ते तिथेच थांबले. पाठ माझ्याकडे होती, मला चेहरा दिसत नव्हता. बाहेर रस्त्यानं टांगा गेला.

मग हे वळले, हाराच्या पाकळ्या हातावरून झटकल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बडनेऱ्याले पाह्यला तिनं. परवा माहेरी गेल्ती ना."

मी ह्यांना बडनेऱ्याचं अक्षर बोलले नव्हते. ड्रायव्हर हसले, म्हणाले, "तरीच." फोटो छातीशी धरून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून रस्त्याच्या कडेकडेनं ते गेले. त्यांच्या घरची पूजा छान झाली म्हणतात. आम्हाला बोलावणं होतं, पण आम्ही गेलो नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई मुलीला घेऊन देवळात गेल्या आणि हे मागच्या अंगणात येऊन चिंचेखाली बसले. मी तांदूळ निवडत होते.

"तुले कवा समजलं?"

"बडनेऱ्यालेच."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी तरी कुठी सांगतलं मले?" माझा राग परत आला होता. "येवढी वर्सं दोरे जमा करून राहिले. मी काय परकी होती?"

चिंचेची खाली पडलेली पानं हे बोटांनी बाजूला करत राहिले. मग सांगायला लागले. ह्यांचा आवाज एरवीही हळूच. तेव्हा तर मला तांदूळ बाजूला ठेवून पुढे सरकावं लागलं.

"डॉक्टरनं एक पुस्तक उघडलं. त्यात नुसते ठिपके. बाकीच्या पोराइले त्यात आकडे दिसून राहिले होते. ते फटाफट वाचून राहिले. मले ठिपकेच दिसले. डॉक्टर चांगला होता बिचारा. म्हने, दिवसा सिग्नलचा हात दिसते, खाली पडला का वर हाये ते समजते. राती तं दिवाच पाहा लागते. तू राती गाडी कशी नेशीन? मी म्हनलं, मी फक्त दिवसाची नेईन." हे थोडे हसले. "पयलं डिझेल मी भुसावळले पाह्यलं. बाजूचा मानूस म्हने, काय मस्त हिरवं हाये. मले वाटलं, सारेच हिरवे असतीन. हे बी तसंच दिसलं ना मले."

मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. अंगणात, सासूबाई कधीही येतील अशा वेळी. ह्यांनी हात झटकला नाही.

पुढच्या रविवारी मुलगी आजीपाशी ठेवून मी पुन्हा सायकलवर मागे बसले. तीच बाभूळ, तोच बांध. कपाशी नुकती फुटायला लागली होती. मी पदर डोळ्यांवर घेतला नाही. बराच वेळ काही आलं नाही, आणि मग जमिनीतून तो घुमारा आला, खिडकीत यायचा तोच, पण इथे तो तळपायांतून वर चढत होता. मालगाडी होती. इंजिन पुन्हा लालच, पण ते नव्हे, दुसरं. हिरव्या तुरीच्या मागून ते पुढे सरकत आलं आणि क्षणभर मला वाटलं, आपण निजलोय आणि हे स्वप्नात चाललंय. ह्यांनी फोटो घेतला. डबे मोजता येऊ नयेत इतके होते. शेवटचा गेल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं.

"तुमाले कसं दिसते?" मी विचारलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न ह्यांना कोणीच विचारला नसावा, कारण ह्यांना उत्तर जुळवायला वेळ लागला.

"तूर अन्‌ इंजिन एकच दिसते," हे म्हणाले. "मातीसारखं. आभाय निळं दिसते, ते चांगलं दिसते. अन्‌ पट्टा दिसते. नुसता पिवया पट्टा. इंजिन नाई, डबे नाई, वावरातून पट्टाच पयत जाते." हातानं त्यांनी हवेत एक लांब आडवी रेघ ओढली. "लय सुंदर दिसते वं. म्हनूनच तं येतो."

मी डोळे बारीक करून रिकाम्या रुळांकडे पाहिलं. मला तो पट्टा दिसला असं वाटलं. तो खरंच सुंदर होता. तोवर मला ह्यांची दया येत होती. ती तिथे बांधावरच संपली.

मग मी विचारू नये ते विचारलं. "अन्‌ मायं कुंकू?"

हे माझ्या कपाळाकडे पाहत राहिले. खोटं बोलायची त्यांना आता गरज नव्हती, आणि बोलताही आलं नसतं.

"काया ठिपका दिसते," ते म्हणाले. "लाल म्हनजे काय ते मले मालूमच नाई. तुझ्या कपायावर काहीतरी हाये, येवढं समजते."

आम्ही घरी आलो. रात्री मला झोप नीट लागली.

सकाळी अंघोळ झाल्यावर आरशासमोर उभी राहिले. कुंकू लावलं, रोज लावते तसं. मग देवापुढची हळदीची वाटी घेतली, बोट बुडवलं आणि कुंकवाच्या खाली एक चांगलं जाड, पिवळंधमक बोट ओढलं. सासूबाई म्हणाल्या, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही. चहाचा कप घेऊन दुकानात गेले. हे टेबलाशी वाकून काम करत होते. कप घेता घेता त्यांनी वर पाहिलं, आणि कप हातात तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिले.